गुलाब कसा द्यावा: रेल्वेत नव्यानं लागलेल्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. रेल्वेच्या जनसंपर्क खात्यात तुमची नेमणूक झाली आहे. हातात थोडे पैसे आहेत आणि ते कशावर खर्चायचे हे वरच्यांनी नीट सांगितलेलं नाही. रुळावर घालायला ते फार कमी आहेत आणि परत करायला जीव होत नाही. अशा पैशाला आपल्याकडं एकच वाट असते: प्रवाशाला काहीतरी द्यायचं आणि देताना फोटो काढायचा.

हा धडा गिरवायला कोल्हापूरसारखं गाव नाही. एक तर इथं गाडी संपते. छत्रपती शाहू महाराज टर्मिनस असं नाव आहे आणि त्यातला टर्मिनस हा शब्द अक्षरशः खरा आहे. बफरच्या पुढं रूळ नाही. घाट उतरून वैभववाडीला जाणारा मार्ग बरीच वर्षं कागदावरूनच धावतोय. दुसरं म्हणजे इथं स्पर्धा आहे. पुणं रस्त्यानं साधारण २३५ किलोमीटर आणि रेल्वेनं ३२६. स्टेशनातून बाहेर पडून जरा चाललं की एस.टी.चं मध्यवर्ती बसस्थानक, आणि त्याच्या आजूबाजूला ट्रॅव्हल्सवाले. म्हणजे नव्वद किलोमीटर जास्त फिरवून नेऊन वर माणसाला खूशही ठेवायचं, हे तुमचं काम. तिसरं कारण कोल्हापूरकर स्वतः. फुकट मिळालेल्या वस्तूला तोंडावर नावं ठेवायला तो कचरत नाही, त्यामुळं तुमचा निकाल जागच्या जागी लागतो.

आणि या गावाला रेल्वेच्या समारंभांची सवय जुनी आहे. मिरज-कोल्हापूर मार्गाच्या कामाचा आरंभ १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते झाला, तेव्हा महाराज चौदा वर्षांचेही नव्हते. पण तीन वर्षांत, १८९१ ला, गाडी सुरू झालीसुद्धा. हा हिशेब समारंभाच्या दिवशी कुणाजवळ काढू नका. लोक वैभववाडीचं नाव काढतात.

साहित्य

गुलाब (काटे काढलेले), पेढे, रांगोळीवाल्या दोघी, हलगीवाले चार, फेटे बांधणारा एक, बॅनर, बॅनरवर कुणाचा फोटो किती मोठा यावर भांडायला लागणारा वेळ, आणि गाडी. गाडी शेवटी लिहिली आहे, कारण अनुभव असा की ती शेवटीच येते.

गुलाब

नवशिक्यानं सुरुवात गुलाबापासून करावी. स्वस्त असतो, हातात मावतो, फोटोत लाल दिसतो.

हा विधी मी एकदा अगदी जवळून पाहिला आहे. गाडी कुठली, स्टेशन कुठलं, ते राहू द्या. कसला तरी सप्ताह होता. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक साहेब, मागं टोपलीवाला, त्याच्या मागं मोबाइल धरलेला पोरगा. खिडकीत एक म्हातारी होती, नऊवारीतली, मांडीवर गाठोडं. साहेबांनी फूल पुढं केलं. म्हातारीनं हात मागं घेतला.

“कितीला?”

“आजी, फुकट आहे. रेल्वेकडून.”

म्हातारीनं साहेबांकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं, मोबाइलकडं पाहिलं. “पैसं न्हाईत?”

“नाहीत.”

“मग दोन द्या. एक अंबाबाईला हुईल.”

साहेबांनी दुसरा दिला नाही, कारण टोपली मोजून आणली होती. इथं पहिली चूक लिहून घ्या. मोजून आणलेलं फूल मोजूनच लक्षात राहतं. म्हातारी पुढच्या स्टेशनापर्यंत शेजारणीला सांगत होती की एकच दिलं, दुसरं मागितलं तर दिलं नाही. दहा रुपयांच्या वस्तूनं दहा रुपयांची नाराजी विकत घेतली. दुसरी चूक अशी की हे सगळं इंजिनाजवळच्या दोन डब्यांत आटोपलं, कारण तिथं उजेड बरा होता. मागच्या जनरल डब्यात दाराशी उभे असलेल्यांना त्या दिवशी सप्ताह असल्याचं कळलंसुद्धा नाही.

आता खर्चाचं. पुणे-कोल्हापूर वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस. आठ डबे, ५३० जागा. गाडी गच्च भरली आणि फूल दहा रुपयांचं धरलं, तर एका फेरीचे ५,३०० रुपये. आता कुणीतरी उठून म्हणेल, हा पैसा रुळाला घाला. असं म्हणणारा प्रत्येक बैठकीत एक असतो आणि टाळ्या त्यालाच पडतात. त्याला विचारा, किती रूळ येईल? एक मीटर रूळ म्हणजे ६० किलो पोलाद, दोन्ही बाजूंचं मिळून १२०. ५,३०० रुपयांत तेवढं पोलादसुद्धा येणार नाही, स्लीपर आणि खडी सोडाच. रुळाचा पैसा वेगळा आणि गुलाबाचा वेगळा. गुलाब न दिल्यानं मिरजेपुढचा एकेरी रूळ दुहेरी होत नाही. तेव्हा बारीकसारीक गोष्टींवर खर्च करावा का, या प्रश्नावर माझं उत्तर करावा असंच आहे. माझं भांडण फक्त टोपली कुठल्या डब्याकडं वळते, एवढ्यावर आहे.

सेल्फी पॉइंट

हा वरच्या इयत्तेचा पाठ आहे, पण एका उदाहरणासाठी आत्ताच घेऊ. २०२३ च्या अखेरीस माहितीच्या अधिकारात मध्य रेल्वेनं सांगितलं की स्टेशनावर उभारायचा तात्पुरता सेल्फी बूथ सव्वा लाखाला पडतो आणि कायमचा सव्वासहा लाखांना. बूथमध्ये पंतप्रधानांचं चित्र, शेजारी तुम्ही.

सव्वासहा लाख भागिले दहा, म्हणजे साडेबासष्ट हजार गुलाब. ५३० जागांच्या गाडीच्या ११७ फेऱ्या. आठवड्याला तीन धरल्या तर नऊ महिने. एका बूथच्या पैशात नऊ महिने अख्ख्या गाडीला फूल, आणि म्हातारीला दोन दिली तरी चालतील.

बूथचा दोष पैशाचा नाहीच म्हणा. गुलाब निदान तुमच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. बूथपाशी रेल्वेचं माणूसच नसतं. प्रवाशानं स्वतः जायचं, स्वतः उभं राहायचं, स्वतःच फोटो काढायचा आणि तो लोकांना पाठवून तुमचं काम फुकटात करायचं. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे इथं उलटं झालं आहे. पोरांना घेऊन आलेले लोक तिथं उभे राहतात, नाही असं नाही. गाडीला वेळ असतो आणि बाकडं भरलेलं असतं.

देताना काय बोलू नये

या पाठात रेल्वेचा हात धरणारं कुणी नाही, त्यामुळं उदाहरणं घरचीच घेऊ.

२०१६ पासून तिकिटावर एक ओळ छापलेली असते, की प्रवासाच्या खर्चाचे सरासरी ५७ टक्केच रेल्वेला भाड्यातून मिळतात. हिशेब खरा असेल. पण पाहुण्याला जेवायला बसवायचं आणि ताटाखाली श्रीखंडाची पावती ठेवायची, असा हा प्रकार. ज्यानं रांगेत उभं राहून पैसे मोजून तिकीट काढलं त्यालाच ते वाचायला मिळतं. जो विनातिकीट बसला त्याच्या हातात कागदच नाही, म्हणून तो बिचारा अपराधी वाटून घेण्यातून सुटला.

दुसरं उदाहरण इथलंच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी सोडली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. असं काम रेल्वेनं शंभर वर्षांत एकदा करावं आणि पुढची शंभर वर्षं लोकांनी नाव घ्यावं, एवढं ते मोठं होतं. पुढच्याच महिन्यात चार कोटींचं बिल लातूरला गेलं. मग खुलासे आले की बिल मागितलं म्हणून दिलं, वसुलीचा विचार नाही वगैरे. खुलासा खरा होता. पण ‘पाणी’ आणि ‘बिल’ हे दोन शब्द एकाच बातमीत आले की लोकांना दुसराच लक्षात राहतो.

ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के मिळायची ती. ती अजून आलेली नाही. तेव्हा साठीच्या पुढच्या माणसाला गुलाब देताना जपून. तो तुम्हाला गुलाबाच्या किती टक्के सवलत गेली ते सांगेल.

थोडे देशी-परदेशी नमुने

जपानात वाकायामाजवळ किशीगावा नावाची छोटी लाइन आहे. तोट्यात होती, किशी स्टेशनावर माणूस ठेवायलाही परवडत नव्हतं. २००७ साली कंपनीनं तिथल्या तामा नावाच्या मांजरीला स्टेशनमास्तर नेमलं. मापाची टोपी शिवली, पगार म्हणून खाणं. लोक मांजर बघायला तिकीट काढून येऊ लागले. २०१५ ला ती वारली तेव्हा अंत्यविधीला हजारो माणसं होती. आपल्याकडं मांजरीवर भागणार नाही. कोल्हापुरात म्हैस लागेल, आणि ती गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून आणावी लागेल. पण सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून उतरलेल्या माणसाला फलाटावर धारोष्ण दुधाचा पेला मिळाला, तर मी म्हणतो, सव्वासहा लाखांचा बूथ मोडीत काढा.

त्याच देशात २०१७ साली एका कंपनीनं गाडी वीस सेकंद लवकर सुटली म्हणून माफी मागितली. उशिरा नव्हे, लवकर. हा नमुना वाचून सोडून द्या, करून बघू नका.

आपल्याकडं २०२० साली अहमदाबाद-मुंबई तेजस सुरू झाली, तिला तासापेक्षा जास्त उशीर झाला तर प्रवाशाला शंभर रुपये आणि दोन तासांपेक्षा जास्त झाला तर अडीचशे, असं ठरलं होतं. पहिल्याच आठवड्यात गाडी रखडली, ६३० जणांचे ६३ हजार द्यावे लागले. योजना पुढं बंद झाली. माझ्या मते ती रेल्वेनं केलेली सगळ्यात चांगली जाहिरात होती, कारण तिच्यात खोट बोलून दाखवली होती. गुलाबात ती नसते.

मुंबईत २०२५ ला तिकीट असलेल्या लोकलच्या प्रवाशांतून रोज एकाला दहा हजार आणि आठवड्याला एकाला पन्नास हजार, अशी योजना काढली होती. कान्सच्या जाहिरात महोत्सवात तिला मोठं बक्षीस मिळालं. दरवाजाला लटकणाऱ्याला त्यातलं काय मिळालं, विचारू नका.

प्रात्यक्षिक: गाडी थांबली आहे

आता खरा धडा. वरचं सगळं विसरलात तरी चालेल.

अंधार पडला आहे, गाडी आउटरला उभी आहे. स्टेशन दिसतंय, दिवे दिसताहेत, पण सिग्नल लाल. या बाजूला एकेरी रूळ असल्यामुळं समोरची गाडी यायची असेल तर तुम्ही थांबायचं, त्याला क्रॉसिंग म्हणतात. डब्यात पंधरा मिनिटं काही होत नाही. विसाव्या मिनिटाला एक जण दारातून वाकून बघतो. तिसाव्याला सरकार कुणाचं यावर वाद सुरू होतो. चाळिसाव्याला एक बाई पोराला घेऊन उठते, कारण स्टेशनावर नवरा वाट बघतोय आणि फोनची बॅटरी गेलीय.

अशाच एका रात्री, गाडीचं नाव राहू द्या, आमच्या डब्यातून एसीतला अटेंडंट चालत गेला. त्याला काही सांगायचं कारण नव्हतं, तो त्याच्या डब्याकडं निघाला होता. पण चालता चालता प्रत्येक कप्प्यात तोंड घालून म्हणाला, “क्रॉसिंग हाय. अजून पस्तीस मिनिटं. च्या पिऊन घ्या.” चहा कुठं होता? पेंट्रीच नव्हती. पण डबा एकदम शांत झाला. पस्तीस हा आकडा मिळाला होता. बाईनं शेजाऱ्याच्या फोनवरून नवऱ्याला कळवलं. सरकारचा वाद मिटला नाही, पण आवाज खाली आला.

ट्रॅव्हल्सवाला हे रोज करतो. गाडी निघायच्या अर्धा तास आधी त्याचा फोन येतो: “कुठं उभं हाय तुम्ही? कावळा नाक्यावरच थांबा, धा मिनिटात येतो.” तो दहा मिनिटांत येत नाही, वीस मिनिटांनी येतो. पण आपलं नाव यादीत आहे आणि आपल्याला कुणीतरी शोधतंय, हे कळतं. तुमच्याकडं गुलाबाची टोपली आहे आणि त्याच्याकडं फक्त प्रवाशाचा नंबर. नंबर तर तुमच्याकडंही असतो, आरक्षण करताना घेतलेला.

म्हणून प्रात्यक्षिक असं. गुलाबाचे ५,३०० रुपये घ्या. त्यात आउटरला गाडी उभी राहिली तर डब्याडब्यातून चालत जाऊन आकडा सांगणाऱ्या माणसाचा भत्ता बसतो. उरलेल्यात चहा. रेल्वेला नुसती नावं बदलण्याचा सराव आहेच, २०२२ मध्ये गार्डचा ट्रेन मॅनेजर झालाय. पगार तोच राहिला. पण मॅनेजर म्हटल्यावर दोन शब्द बोलायला काय हरकत आहे?

परीक्षेला येणारा प्रसंग

२६ जुलै २०१९ ला रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. उल्हास नदी पात्र सोडून वर आली होती. उजाडलं तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना पाणी होतं. आत हजारावर माणसं, त्यांत नऊ गरोदर बायका. रेल्वेचे आणि इतर पोलिस गाडीपर्यंत पोचले, त्यांनी बिस्किटं आणि पाणी वाटलं आणि डब्यातच थांबा, उतरू नका असं सांगत राहिले. मग एन.डी.आर.एफ.च्या बोटी आल्या, वर हेलिकॉप्टरं, आणि आसपासच्या गावची माणसं पाण्यात उतरली. दुपारपर्यंत सगळे बाहेर.

इथवर ते संकटाचं काम झालं, ते कुठल्याही देशात करतात. तुम्ही लिहून घ्यायचं ते यापुढचं. त्याच दिवशी कल्याणहून एकोणीस डब्यांची वेगळी गाडी सोडली आणि ती त्याच प्रवाशांना घेऊन कोल्हापूरला आली. तिकिटावर कोल्हापूर लिहिलं होतं ना, मग कोल्हापूरपर्यंत. ओल्या कपड्यांतल्या माणसाला कल्याणला “पैसे परत मिळतील, पुढचं तुमचं तुम्ही बघा” असं सांगूनही नियमात बसलं असतं.

आता सांगा, त्या बिस्किटाच्या पुड्याचा खर्च कुठल्या खात्यात लिहाल? प्रसिद्धीत लिहिला तर लेखापरीक्षक विचारेल, फोटो कुठाय. पण बिस्किट तेच, जे तुम्ही सप्ताहात वाटता.

शंकासमाधान

प्रवाशांनीच रेल्वेला काही दिलं तर स्वीकारावं का? स्वीकारावं. दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली. तिचा वाढदिवस पुण्याला प्रवासी दरवर्षी केक कापून करतात. रेल्वेच्या कुठल्याही अंदाजपत्रकात त्या केकची ओळ नाही.

किमान रकमेची भेट किती? एक रुपया. सप्टेंबर २०२५ पासून रेल नीरची लिटरची बाटली पंधराची चौदाला झाली. गुलाबापेक्षा स्वस्त, सगळ्यांना सारखी, जनरल डब्यातसुद्धा पोचणारी. हिच्यावर बॅनर लावायला माझी हरकत नाही. फक्त रुपया परत मिळाला पाहिजे. एका फलाटावर मला “सुट्टं नाही” म्हणून हातात पेपरमिंटची गोळी मिळाली. सरकारनं दिलेली भेट माझ्या तोंडात विरघळली, एवढंच म्हणता येईल.

गावाचा अभिमान म्हणून काय द्यावं? कोल्हापुरात ही शंका फार विचारतात. फेटा देऊ नका, वरच्या बर्थवर टेकतो. रस्सा सांडतो. गूळ द्या. खडा छोटा, कागदात गुंडाळलेला, थंडीत सकाळी उतरणाऱ्याला. आणि मोजून आणू नका.

शेवटचा धडा रात्री पाळायचा आहे. एकदा उशिराच्या गाडीनं मी कोल्हापूरला उतरलो. डबा रिकामा झाला, दिवे निम्मे गेले. मधल्या बर्थवर एक जण गाढ झोपला होता, कामगार असावा, हाताला सिमेंट. टीसी उतरून चार पावलं गेला होता. खिडकीतून त्याला पाय दिसले. तो परत चढला, वाकून त्या माणसाच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, “उठा राव. कोल्हापूर आलं. पुढं रूळ न्हाईत.” आणि बर्थखाली मोबाइलचा उजेड धरून त्याची दुसरी चप्पल शोधू लागला.